पाठकोऱ्या कागदावरची माणसं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या मंडईत भेंडी निवडत होते. भेंडीवाला शेंडे मोडू नका म्हणून कटकट करत होता आणि त्याच्याशी हुज्जत घालतच मी फोन कानाला लावला. "नंदा, ये," वहिनी म्हणाली. एवढंच. काय झालं, असं मी विचारलं नाही. भाईचं हृदय वर्षभर आम्हाला दम देत होतं, त्यामुळे विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. निवडलेली भेंडी तशीच टाकून मी रस्त्यावर आले. मुलुंड म्हटल्यावर दोन रिक्षावाल्यांनी मान हलवली. तिसऱ्याला मी काय बोलले ते आठवत नाही, पण तो निमूटपणे निघाला.

भाई म्हणजे माझा थोरला भाऊ, रमाकांत. आमच्या कोकणातल्या घरांत थोरल्याला भाई म्हणतात. मुंबईत या शब्दाला दुसराच वास लागला, आणि त्यावर तो स्वतःच हसायचा. "असो भित्रो भाई अख्ख्या घाटकोपरात गावचो नाय," असं आईच्या मालवणीत म्हणायचा. भित्रा तो होताच. कुणाशी भांडला नाही, कुणाकडे काही मागितलं नाही. फक्त माणसांकडे बघत राहिला आणि त्यांना कागदावर काढत राहिला, चाळीसेक वर्षं.

मुलुंडच्या त्या भाड्याच्या घरात मी पोचले तेव्हा सतरंजीवर जागा नव्हती. घाटकोपरची आमची जुनी बिल्डिंग पुनर्विकासासाठी पाडली, तेव्हापासून शेजारी कुणी बदलापूरला, कुणी नालासोपाऱ्याला, जिथे भाडं परवडेल तिथे पांगलेले. तिथून सगळे आले होते. मी एकेकाकडे बघत होते आणि मला प्रत्येक माणूस दोनदा दिसत होता, एकदा समोर बसलेला आणि एकदा भाईने काढलेला. इस्त्रीवाले तिवारीजी रुमालाने डोळे पुसत होते. चित्रात ते तापलेल्या इस्त्रीवर पाण्याचे थेंब उडवून पाहत होते. हिराबाई मासेवाली दाराशी बसली होती. चित्रात ती दुपारच्या वेळी रिकाम्या पाटीवर डोकं टेकून तोंड उघडं टाकून झोपली होती. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "भाई चित्रं काढायचे ना? मलाही काढलंय म्हणाले होते एकदा. दाखवा ना वहिनी." वहिनी उठली. "चहाचं बघते," म्हणाली. त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटलेली नव्हती, चहा शेजारची बाई थर्मासमधून आणून देत होती, आणि वहिनी चहाचं बघायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

दाखवायला चित्रं नव्हती. एकही नव्हतं. त्याबद्दलच लिहायचं आहे, आणि वहिनीला विचारूनच लिहिते आहे.

शाळेत असताना भाई वहीच्या समासात मास्तरांना काढायचा. चित्रकलेच्या कॉलेजात जायचं त्याच्या मनात होतं. आमचे बाबा गिरणीत होते, संपानंतर घरी बसलेले. त्यांनी नाही म्हटलं नाही, फक्त जेवताना म्हणाले, "चित्रा काढून प्वाट भरता?" आणि भाईने दुसऱ्या दिवशी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनच्या कोर्सला नाव घातलं. पुढे मरोळच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लागला. दिवसभर गिअर, फ्लँज, बोल्टचे आटे काढायचे, मिलिमीटरचंही इकडचं तिकडे होऊ द्यायचं नाही. एखाद्या भागाचं ड्रॉइंग बदललं की जुन्यावर 'कॅन्सल्ड' असा लाल शिक्का मारून ते फेकायचे. त्या कागदांची पाठ कोरी असे. भाई ते पाठकोरे कागद घरी आणायचा, पुढे कंपनी बंद पडल्यावरही वर्षानुवर्षं पुरले एवढे, आमच्या परीक्षेच्या पॅडला लावायचा आणि साध्या बॉलपेनने त्यावर माणसं काढायचा. चांगल्या कागदाची त्याला भीतीच वाटायची. "कोरा करकरीत कागद समोर आला की वाटतं आता काहीतरी भारी काढलं पाहिजे. मग हात आखडतो. कॅन्सल झालेल्या कागदाला कसलं टेन्शन?"

कामावरून सुटला की तो सरळ घरी येत नसे. बँकेबाहेरच्या कठड्यावर, मंडईच्या तोंडाशी, महापालिकेच्या दवाखान्यातल्या बाकावर, टँकरच्या रांगेसमोरच्या पायरीवर, कुठेही बसायचा. माणूस वाट बघत असतो तेव्हा त्याचा चेहरा त्याच्या ताब्यात नसतो, म्हणून त्याला वाट बघणारी माणसंच आवडायची. कुणाला समोर बसवून त्याने कधी काढलं नाही. आपल्याला काढतायत हे समोरच्याला कळलं, की याचं पेन बंद. मी एकदा म्हटलं, "अरे, विचारून काढ ना. लोक आनंदाने बसतील." तर म्हणाला, "बसतील गं. पण पोझ दिली की माणूस निघून जातो, नुसता फोटो उरतो."

हिराबाईने मात्र त्याला एकदा रंगेहाथ पकडलं होतं. मी त्या दिवशी बरोबर होते. ती झोपलेली म्हणून हा बिनधास्त काढत बसला होता, आणि तिने अचानक डोळे उघडले. कागद ओढून घेतला, उलटासुलटा केला. मला वाटलं, आता कोयता निघणार. "मेल्या, माझं तोंड एवढं उघडं असतं?" ती ओरडली. भाई गोरामोरा झाला. मग तिने पुन्हा नीट बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माझी आई अशीच झोपायची रे." कागद तिने परत दिला, वर दोन बांगडे दिले. घरी येईपर्यंत चालताना भाईच्या हातातली पिशवी नुसती झुलत होती.

काढून झालेलं चित्र तो नेहमी पालथं ठेवायचा. छापील बाजू वर, माणूस खाली. "न विचारता काढलेत ना, मग त्यांची तोंडं अशी उघड्यावर टाकायची नाहीत," हा त्याचा हिशेब. गठ्ठा जमला की सुतळीने बांधून माळ्यावर. मला त्याने पुष्कळ चित्रं दाखवली, कारण मी लहानपणापासून त्याच्या मानगुटीवर बसून "दाखव ना, दाखव ना" करायचे. वहिनी तशी नव्हती. ती लग्न होऊन आली तेव्हा तिने पाहिलं, नवरा काही कागद पालथे ठेवतो. तिने ठरवलं, पालथे ठेवतो म्हणजे ते बघायचे नसतात. दर दिवाळीला तिने माळा झाडला, गठ्ठे उतरवले, पुसले, परत चढवले, आणि इतक्या वर्षांत एकदाही त्यातला कागद उलटून बघितला नाही. तिलाही त्याने कधी दाखवले नाहीत. मला वाटतं, ती मागेल म्हणून तो थांबला होता आणि तो देईल म्हणून ती.

मग बिल्डरची नोटीस आली. घरं रिकामी करायची तारीख ठरली, आणि त्याच आठवड्यात भाईच्या छातीत दुखलं. ऑपरेशन झालं. तो अतिदक्षता विभागात असताना वहिनीने एकटीने घर उचललं. मी हॉस्पिटलमध्ये, त्यांचा मुलगा परदेशात. बिल्डिंगभर भांड्यांचे आवाज, खाली टेम्पोवाला शिव्या देतोय, आणि माळ्यावरून गठ्ठे खाली आले. गठ्ठ्यांना बांधून वर्षं झाली होती, इतकी की त्या पालथ्या कागदांमध्ये नक्की काय आहे हा प्रश्नच तिच्या मनातून पुसला गेला होता. वरच्या कागदावर यंत्राचा भाग, खाली कंपनीचं नाव, मधोमध लाल 'कॅन्सल्ड'. त्याखालच्यावर तेच. त्याखालच्यावरही तेच. कंपनी बंद पडून जमाना झाला होता. तिने रद्दीवाल्याला हाक मारली. मुलुंडचं घर केवढंसं, आजारी माणूस येणार, धूळ नको, एवढाच विचार तिच्या डोक्यात होता. आज मला ते पटतं.

त्या दिवशी पटलं नव्हतं. भाई घरी आला, थोडा हिंडू-फिरू लागला आणि एका दुपारी त्याने विचारलं, "माळ्यावरचं सामान कुठल्या खोक्यात आहे गं?" वहिनी म्हणाली, "कुठलं? ते कंपनीचे कागद होय? ते रद्दीत दिले." मी तिथेच होते. मला काही सेकंद कळलंच नाही आणि मग कळलं, तेव्हा मी वहिनीला वाटेल ते बोलले. तू एकदा उलटून बघितलं असतंस तर? एवढी वर्षं संसार केलास, एक कागद उलटवला नाहीस? ती भिंतीला टेकून उभी होती, तिला अजून समजतच नव्हतं काय झालं ते. मी सांगितलं काय होतं त्या कागदांच्या मागे. तेव्हा भाई म्हणाला, "नंदे, गप्प. कॅन्सल केलेलेच कागद होते ते. तिने बरोबर केलं."

कागद रद्दीत दिल्याबद्दल तो तिच्यासमोर बोललेलं हे पहिलं आणि शेवटचं वाक्य. पुढे मरेपर्यंत तो तिच्याशी नीट वागला, औषध दिलं की "थँक्यू" म्हणायचा, भाजीत मीठ कमी असलं तरी खायचा. पण त्याबद्दल एक अक्षर नाही. ओरडला नाही, रडला नाही. वहिनी मला स्वयंपाकघरात धरून म्हणायची, "एकदा शिवी दिली असती ना तर सुटले असते गं मी. त्या वाक्याने ते मला वाचवत होते की मारत होते, तू सांग."

आम्ही दोघी रद्दीवाल्याकडे गेलो. रद्दीवाला बिचारा चांगला होता, तो म्हणाला, "वर्तमानपत्रं वेगळी जातात, पाठकोरे कागद वेगळे जातात. जाड असतात ना, पुड्यांना बरे." त्याने गोवंडीचा पत्ता दिला. तिथे गल्लीगल्लीत बायका दारात बसून पुड्या वळतात, चण्याच्या, शेंगदाण्याच्या, भजीच्या. आम्ही दारोदार फिरलो. वहिनी प्रत्येक बाईपुढे उकिडवी बसायची, ढिगाऱ्यात हात घालायची, विचारायची, "मागे चेहरा काढलेला कागद आलेला का हो?" बहुतेकींनी नाही म्हटलं. एक पोरसवदा बाई, मांडीवर मूल, हात न थांबवता म्हणाली, "आलेले ना. लय होते. म्हातारी बी होती एक, चष्म्याची. मी म्हटलं कोण बाई ही, सारखी माझ्याकडंच बघते. मग दुमडली. गेल्या हप्त्यात माल गेला सगळा." कुठे गेला? "कुठंबी. अंधेरी, कुर्ला, मुलुंड… सगळीकडं जातो." वहिनी तिथेच गटाराच्या कडेला बसली आणि मला तिला उठवता येईना.

घरी मात्र भाई पुन्हा काढायला बसला. आम्हाला वाटलं, बरं झालं. तो म्हणाला, सगळ्यांना परत काढतो, वेळ आहे तोवर. डॉक्टरांनी वेळेबद्दल त्याला काय सांगितलं होतं ते आम्हाला नंतर कळलं. मी हौसेने कागदाचं नवं रीम आणलं, पांढरंशुभ्र. तो ते हातात घेऊन बघत बसला. "दोन्ही बाजूंनी कोरा," म्हणाला, आणि कसनुसा हसला. मग त्याने तिवारीजींना काढायला घेतलं. हात आला, इस्त्री आली, टेबल आलं. चेहऱ्याच्या जागी पेन थांबलं. दुसरा कागद घेतला. तिसरा घेतला. "येत नाय गो," तो म्हणाला. आईशी बोलायचा तसा आवाज होता तो. "कोण तरी येतो, तिवारी येत नाही. नंदे, मी कुणाला लक्षातच ठेवलं नाही. बघायचो आणि काढायचो. कागदावर उतरला की माणूस डोक्यातून जायचा. मला वाटायचं, आहेत ना माळ्यावर."

वहिनीला वाटलं, आपण मदत करू. ती माणसं विसरणारी नव्हती. सगळ्या बिल्डिंगीशी तिने जिन्यात उभं राहून गप्पा मारलेल्या. ती पलंगाशी खुर्ची ओढून बसायची आणि सांगायची, "सावंतकाकूंच्या हनुवटीवर तीळ होता, डावीकडे. कपाळ मोठं. बोलताना ओठ असे आत घ्यायच्या." तो मान खाली घालून काढायचा. झालं की दोघं बघायचे. तीळ असायचा, कपाळ असायचं, सावंतकाकू नसायच्या. "जरा नाक…" वहिनी म्हणायची. तो नाक बदलायचा. मग हळूच पेनचं टोपण लावायचा आणि म्हणायचा, "दमलीस तू. पड जरा." त्या घरात मी किती दुपारी असं बघत बसले. जन्मभर एकमेकांना न दाखवलेली गोष्ट आता दोघं मिळून करू बघत होती आणि होत नव्हती.

एकदा हट्टच धरला म्हणून मी त्याला घाटकोपरला नेलं. बिल्डिंगीच्या जागी निळे पत्रे आणि आत क्रेन. मंडईचं तोंडही बांधकामासाठी बंद. हिराबाई पुलाखाली बसते असं कळलं, तिथे गेलो. चित्रं गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. भाईला बघून तिने हातातला बांगडा खाली ठेवला, हात धुतले, केस चापून बसवले, पदर सारखा केला आणि ताठ बसली. "काढ रे. अजिबात हलणार नाय. हसू का?" भाईने पॅड मांडीवर घेतलं. ती एवढी मनापासून बसली होती, डोळ्याची पापणी हलू देत नव्हती. त्याने चार रेघा मारल्या आणि त्याचा हात खाली आला. "झकास आलंय," तो तिला म्हणाला, आणि कागद घडी करून खिशात घातला. तिने बघायला मागितला तर नंतर देतो म्हणाला. परतताना रिक्षात तो पूर्ण वेळ बाहेर बघत होता. सिग्नलला माणसं उभी होती, फुटपाथवर माणसं वाट बघत होती, काढण्यासारखी, त्याला आवडणारी, हवी तेवढी. त्याने पॅड मांडीवर घेतलं नाही. मी म्हटलं, "भाई, ही नवीन माणसं काढ ना. जुनी गेली तर गेली." तो म्हणाला, "आता काढून कुठे ठेवू?"

त्यानंतर त्याने काही काढल्याचं मी पाहिलं नाही. शेवटच्या रविवारी गेले तेव्हा तो खिडकीशी बसला होता, रीम पलंगाखाली सरकवलेलं. मी गप्पा मारल्या, माझ्या सोसायटीतली भांडणं सांगितली, तो हसलासुद्धा. निघताना म्हणाला, "वहिनीला सांभाळ." मला वाटलं, चला, निदान एवढं तरी बोलला. जिन्यात वहिनी माझ्यामागे आली आणि तिने विचारलं, "काही म्हणाले का माझ्याबद्दल?" मी सांगितलं. तिने मान हलवली. तिला हवं होतं ते हे नव्हतं आणि मलाही ते ठाऊक होतं.

आता मी दर रविवारी मुलुंडला जाते. वहिनी त्याआधी स्टेशनबाहेर जाऊन शेंगदाणे घेऊन आलेली असते, एका गाडीवरचे नाही, दिसेल त्या प्रत्येक गाडीवरचे. शेंगदाणे ताटात ओतते, पुडी उलगडते, तळहाताने कागद सपाट करते आणि दोन्ही बाजू बघते. कुणाचा बँकेचा अर्ज असतो, कुणाच्या परीक्षेचा पेपर, गुणाकार चुकलेला. ते सगळे कागद ती एकावर एक ठेवते, टाकत नाही. माझी पित्ताची प्रकृती, तरी ताटातले शेंगदाणे मीच संपवते, नाहीतर ते तसेच राहतात. हे लिही असं तीच म्हणाली. म्हणाली, "कुणी तरी वाचेल आणि हातातली पुडी फेकण्याआधी एकदा उघडून बघेल." कंपनीचं ड्रॉइंग आणि लाल शिक्का असलेला कागद असेल, मागे निळ्या बॉलपेनने काढलेला माणूस. बाकी काही नको, फक्त फेकू नका.

शेंगदाणे संपले की ती मला चित्रं सांगायला लावते. मी पाहिली होती ना, म्हणून. मी सांगते: टँकरच्या रांगेत हंड्यावर बसून पोराला भरवणारी बाई. दवाखान्यात केसपेपर दातात धरून चप्पल घालणारा म्हातारा. सांगताना कळतं, माझ्यातूनही पुसट होत चाललंय. मागच्या रविवारी समोरचा कागद सारखा करत, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "आणि मी होते का गं कशात?"

हो म्हणायला जीभ वळली होती. पण या घरात आधीच एक वाक्य असं आहे, ज्याचं खरं-खोटं तिला आयुष्यभर करत बसायचं आहे. मी म्हटलं, "मी बघितली त्यात नव्हतीस. पण मी सगळी नाही बघितली वहिनी. अर्धीसुद्धा नाही."

"मग असेन," ती म्हणाली आणि पुढची पुडी उलगडायला घेतली.